वहीत न मांडलेले देणे

दिवाळी जवळ आली की प्रत्येक घरात एक अंदाजपत्रक तयार होते. ते कागदावर उतरतेच असे नाही. बहुधा ते घरातल्या बाईच्या डोक्यात असते. मुलांचे कपडे, फराळाचे सामान, तेल-उटणे, लेकीची ओवाळणी, जावयाचा मान, कामाला येणाऱ्या माणसांची दिवाळी, सारे त्यात बसवायचे असते. मग सण उलटला की शेजारच्या घराशी तुलना सुरू होते. त्यांनी केवढे केले, आपण केवढे केले. या तुलनेत थोडी असूया असते, थोडी करमणूकही असते. पण ज्या घरात खर्च अधिक झाला ते घर अधिक चांगले, असे मनापासून कुणी मानत नाही. दारात आकाशकंदील मोठा आणि दूधवाल्याची बाकी मात्र तीन महिन्यांची, अशी घरे आपण सर्वांनीच पाहिलेली असतात.

राष्ट्रांच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला सुचत नाही. फेब्रुवारीत मध्यवर्ती सरकारचे अंदाजपत्रक मांडले जाते, आणि लगेच चहाच्या टेबलावर अमेरिका येऊन बसते. त्यांचे सरकार माणशी किती खर्च करते आणि आपले किती, यावर वाद होतात. एक जण म्हणतो, आपण दरिद्री. दुसरा म्हणतो, ते उधळे. मला या वादात एक वेगळाच प्रश्न पडतो. दोन देशांच्या सरकारांचा खर्च असा शेजारी शेजारी मांडला, तर त्यावरून त्या देशांच्या नीतीविषयी काही कळते का? आणि कळत असेल, तर नेमके काय? हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्री असावे लागत नाही. खर्च होणारा पैसा आपलाच असतो, एवढा अधिकार पुरेसा आहे.

आधी आकडे पाहू. स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक २६ नोव्हेंबर १९४७ रोजी षण्मुखम् चेट्टी यांनी मांडले. ते साडेसात महिन्यांचे होते आणि त्यात खर्च धरला होता १९७ कोटी ३९ लाख रुपये. त्यापैकी ९२ कोटी ७४ लाख, म्हणजे निम्म्याला थोडे कमी, संरक्षणावर जायचे होते. फाळणीच्या त्या दिवसांत दुसरे काय होणार? त्या वेळच्या सुमारे चौतीस कोटी लोकांवर हा खर्च वाटला आणि वर्षाच्या हिशेबात बसवला, तर माणशी नऊ रुपये पडतात. १९४८ सालच्या अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने माणशी सुमारे दोनशे डॉलर खर्च केले. त्या वेळच्या दराने ते पावणेसातशे रुपये होतात. म्हणजे अंतर पाऊणशे पटींचे.

आता अलीकडचे पाहू. २०२४-२५ साठी भारताच्या मध्यवर्ती सरकारने ४८ लाख २१ हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडला. माणशी साधारण साडेतेहतीस हजार रुपये. अमेरिकेच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात तिथल्या सरकारने सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले; माणशी वीस हजार डॉलर, आपल्या पैशात सोळा-सतरा लाख रुपये. अंतर पन्नास पटींचे. पाऊणशे पटींवरून पन्नास पटींवर यायला आपल्याला सत्त्याहत्तर वर्षे लागली, असे म्हणून कुणी खेद करील, कुणी आनंद.

पण या आकड्यांत खाचाखोचा पुष्कळ आहेत. पहिली गोष्ट, २०२४ साली चौऱ्याऐंशी रुपयांना एक डॉलर मिळत असे, म्हणून चौऱ्याऐंशी रुपयांत पाटणच्या बाजारात जे येई तेच एका डॉलरमध्ये अमेरिकेच्या बाजारात येई असे नाही. न्हाव्याची मजुरी किंवा शिक्षकाचा पगार दोन्हीकडे सारख्या मापाने मोजता येत नाही. दुसरी गोष्ट, अमेरिका आज खर्च करते तेवढा ती नेहमीच करीत नव्हती. १९३० साली तिथल्या मध्यवर्ती सरकारचा खर्च देशाच्या उत्पन्नात शंभरामागे साडेतीनच्या आसपास होता. दुसऱ्या महायुद्धाच्या भरात तो चाळिसाच्या वर गेला. आज तो तेविसाच्या घरात आहे. आपल्या मध्यवर्ती सरकारचा खर्च आज पंधराच्या आसपास आहे. तेव्हा कोणत्या अमेरिकेशी तुलना करायची, हेही आधी ठरवावे लागते. तिसरी खोच सर्वांत मोठी. आपल्याकडे सरकारी खर्चाचा जवळपास साठ टक्के भाग राज्ये करतात. शाळा, दवाखाने, पोलीस, धरणे ही बहुतेक राज्यांची कामे. अमेरिकेत मोठा वाटा मध्यवर्ती सरकारचा. एकाच प्रकारचे काम एका देशात एका वहीत आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या वहीत लिहिले जात असेल, तर नुसत्या वह्या ताडून काय हाती लागणार?

या तिसऱ्या खोचेचा विचार करताना मला कोयनानगर आठवते. कारण तिथे जे घडले, त्याला अमेरिकेत अगदी जवळचा जोड आहे, आणि दोन्ही ठिकाणचे हिशेब आता पुरते जुने झालेले आहेत. जुना हिशेब वाचायला बरा असतो. त्यात कोण सुटले, कोण बुडाले, ते स्पष्ट दिसते.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाशी, पाटण तालुक्यातल्या देशमुखवाडीजवळ, तिला अडवण्याचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले. धरण एकशे तीन मीटर उंच बांधले. अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेले आणि चिपळूण तालुक्यात पोफळीच्या वीजघरावर सोडले. पूर्वसमुद्राला जाणारे पाणी असे वीज देऊन पश्चिमसमुद्राला जाऊ लागले. १९६२ पासून ती वीज मिळते आहे. पुढे टप्पे वाढत गेले, आणि आज कोयनेची क्षमता एकोणीसशे मेगावॉटच्या वर आहे. महाराष्ट्रातले कारखाने ज्या विजेवर उभे राहिले, तिच्यात कोयनेचा वाटा मोठा. धरणाच्या कामासाठी आलेल्या माणसांची वसाहत म्हणून कोयनानगर वसले.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे मंदीच्या तडाख्यात, १८ मे १९३३ रोजी, टेनेसी खोऱ्यासाठी एक सरकारी महामंडळ स्थापन करणारा कायदा झाला. आपले दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली निघाले ते याच नमुन्यावर. टेनेसी महामंडळाचे पहिले धरण नॉरिस, क्लिंच नदीवर, १९३६ साली पुरे झाले. तिथेही कामकऱ्यांसाठी एक नवे नगर वसवले आणि त्याला नॉरिस हेच नाव दिले. कोयनानगराचे हे थोरले भावंडच म्हणा. सुबक घरे, झाडी, विजेच्या शेगड्या. फक्त काळ्या कामगारांना त्या नगरात घर मिळत नसे.

टेनेसीचे धरण मध्यवर्ती सरकारच्या महामंडळाने बांधले; कोयनेचे आधी मुंबई राज्याने आणि १९६० नंतर महाराष्ट्राने. दोन देशांच्या मध्यवर्ती खर्चाची तुलना करणाऱ्याला नॉरिस दिसेल आणि कोयना दिसणार नाही. पुढे १९५९ च्या कायद्याने टेनेसी महामंडळाचा विजेचा कारभार स्वतःच्या मिळकतीवर आणि रोख्यांवर चालू लागला. नदी तीच, भिंत तीच. नोंदीची रीत तेवढी बदलली.

इथवर ही हिशेबनिसाची तक्रार झाली. ती हुशार हिशेबनीस दूर करू शकेल. राज्यांचे आकडे मिळवील, महागाई वजा करील. पण दोन्ही वह्यांत जे मुळात लिहिलेच गेले नाही, त्याचे काय करायचे?

नॉरिसच्या पाण्याखाली जाणाऱ्या मुलखातून सुमारे तीन हजार कुटुंबे हलवली गेली. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला तिची किंमत मिळाली. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला विकायला काही नव्हते, म्हणून त्याला किंमतही नव्हती. त्याच मुलखातल्या पाच हजारांच्या आसपास कबरी मात्र सरकारी खर्चाने उकरून दुसरीकडे नीट पुरल्या गेल्या. मृतांचा मान राखला हे चांगलेच झाले. पण मेलेल्या आजोबांच्या स्थलांतराचा खर्च वहीत आहे आणि जिवंत नातवाच्या स्थलांतराचा नाही, हे वाचताना मन थांबते.

कोयनेच्या शिवसागरात पुरती किंवा अर्धीमुर्धी गेलेली गावे शंभराच्या आसपास. माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशी पांगली. कुणाला जमीन मिळाली, कुणाला पैसे. कुणी पाण्याच्या वर डोंगरातच सरकून राहिले, आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झाले तेव्हा पुन्हा अडचणीत आले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला १९७६ साली, म्हणजे पोफळीहून वीज मिळू लागल्यानंतर चौदा वर्षांनी. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. अजूनही काही कुटुंबांचा प्रश्न सुटलेला नाही. अलीकडच्या वर्षांतही कोयनानगरला धरणग्रस्तांनी डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर ठिय्या दिला होता.

एकदा तिथे मला एक म्हातारा भेटला. त्याच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कागद. मी विचारले, "बाबा, काय काम काढलंत?" तो म्हणाला, "गावचा दाखला मागत्यात, सायेब. आमचं गाव तर पान्याखाली. आता त्या गावचा तलाठी कुठनं आणू?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ही अडचण त्याच्या बापाचीही होती आणि बहुधा मुलाचीही होणार, अशा सवयीने तो बोलत होता.

या पिशवीतल्या कागदांच्या शेजारी आता दुसरा एक कागद ठेवून पाहू. कोयनेसाठी जागतिक बँकेनेही कर्ज दिले होते, आणि त्यामागे भारत सरकारचा शब्द होता. असली कर्जे कशी फिटतात? ठरल्या दिवशी, ठरल्या व्याजाने. स्वतंत्र भारताने परकीय कर्जाचा हप्ता कधी बुडवलेला नाही. १९९१ साली परकीय चलन आटले तेव्हा आपण देशाचे सोने बाहेर पाठवून गहाण टाकले, पण शब्द मोडला नाही. ही मोठी अब्रूची गोष्ट आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. आजही मध्यवर्ती सरकारच्या खर्चात जवळजवळ चौथा हिस्सा व्याजाचा असतो. २०२४-२५ च्या अंदाजात तो ११ लाख ६३ हजार कोटी रुपयांचा होता. अमेरिकेतही २०२४ साली खर्चाच्या शंभर डॉलरांतले तेरा व्याजाला गेले, संरक्षणाला गेले त्याहूनही थोडे अधिक. लोकशाही असो, पक्ष कोणताही असो, हा आकडा कुणी कापत नाही. त्यावर वादही होत नाही. कारण तो शब्दाचा प्रश्न असतो.

तर मग शब्द कुणाला दिला म्हणजे तो शब्द होतो? बँकेने पैसे दिले, तिला कागद मिळाला, कागदावर तारीख होती. कोयनाकाठच्या शेतकऱ्याने जमीन दिली, घर दिले, देवळाचा पार दिला, आणि त्याच्याबरोबर वाटेकऱ्याने, बलुतेदाराने, गुराख्याने आपले पोट दिले. बँकेने जे दिले ते परत देता येण्याजोगे होते. यांनी जे दिले ते परत देता येण्याजोगे नव्हते. साध्या न्यायाने पाहिले तर दुसरे देणे अधिक जड. वहीत मात्र पहिले दर वर्षी व्याजासकट उभे राहते आणि दुसरे 'अनुदान', 'मदत', 'सानुग्रह रक्कम' अशा नावांनी, मर्जी झाली तर, येते. घेणेकऱ्याला आपण याचक करून टाकले आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. धरणाने लाखोंचे कल्याण झाले. थोड्यांना झळ बसली. मोठ्या हितासाठी लहान हित सोडावेच लागते. धरण झाले नसते तर बरे झाले असते, असे मीही म्हणत नाही. मी हे लिहितो आहे तो दिवाही कुठल्या तरी धरणाचे किंवा खाणीचे ऋण घेऊनच जळतो आहे. पण हा आक्षेप बँकेपुढे करून पाहावा. "धरणाने लाखोंचे भले झाले, तेव्हा तुमच्या मुद्दलावर पाणी सोडा," असे आपण बँकेला सांगितले काय? उलट, भले झाले म्हणूनच कर्ज फेडण्याची ऐपत आली, असेच सर्व जण म्हणतील. लाभ मोठा झाला यावरून देणे नाहीसे होत नाही. ते फेडण्याची सबब तेवढी नाहीशी होते. एका माणसाच्या बाबतीत जो युक्तिवाद आपल्याला हास्यास्पद वाटतो, तो दुसऱ्याच्या बाबतीत तत्त्वज्ञान कसा काय ठरतो?

दुसरा आक्षेप काळाचा. साठ-सत्तर वर्षे झाली; ज्यांचे गेले ते गेले; नातवंडांना काय द्यायचे? पण नातवंडे दोन्हीकडे आहेत. आपल्या जन्माआधी घेतलेल्या कर्जाचे व्याज आपण भरतो आणि आपल्या जन्माआधी बांधलेल्या धरणाची वीज आपण वापरतो. बापाचे घर घ्यायचे आणि बापाचे देणे नाकारायचे, याला आपल्याकडे कधीच प्रतिष्ठा नव्हती. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर माणसांचेही ऋण सांगितले आहे. पहिल्या तिघांची आठवण आपण ठेवतो. चौथ्याची नोंद ठेवायला वही लागते, आणि ती सरकारची असते.

आणखी एक देणे तर कोणत्याच वहीत मावण्याजोगे नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे एकशे ऐंशी माणसे गेली, दोन हजारांच्या वर जखमी झाली. धरणालाही तडे गेले, आणि ते पुढे मागून जाड करून भक्कम केले. साचलेल्या पाण्याने भूकंप जागा होतो याचे जगातले ठळक उदाहरण म्हणून आज शास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेतात. धरण बांधताना हे फारसे कुणाला माहीत नव्हते, तेव्हा दोष देता येत नाही. परंतु विजेचा लाभ मुंबईपर्यंत पोचतो आणि जमिनीच्या हादऱ्याचे भय पाटणच्या खोऱ्यातच राहते, एवढे तर मान्य करायला हवे. भय वाटून घेता येत नाही. निदान भय सोसणाऱ्यांची घरे पक्की करण्याचा खर्च वाटून घेता येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन देशांच्या खर्चाची तुलना करून नीतीविषयी काही कळते का? मला वाटते, कळते. पण एकूण आकड्यावरून नाही. त्या देशात कागद नसलेल्या माणसाचे देणे वहीत कधी चढले, हे पाहावे. अमेरिकेत नॉरिसचे काम निघाले १९३३ साली. सरकारी कामासाठी उठवलेल्या भाडेकऱ्याला आणि कुळालाही मदतीचा हक्क देणारा मध्यवर्ती कायदा झाला १९७० साली. सदतीस वर्षे गेली, आणि तीही जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात. आपल्याकडे कोयनेचे काम निघाले १९५४ साली. जमीनमालकाबरोबर कूळ, वाटेकरी, शेतमजूर आणि कारागीर यांनाही 'बाधित' मानणारा मध्यवर्ती कायदा झाला २०१३ साली. एकोणसाठ वर्षे गेली. खर्चाच्या बाबतीत आपण पन्नास पटींनी मागे आहोत. या बाबतीत बावीस वर्षांनी मागे. बावीस वर्षांचे अंतर पन्नास पटींच्या अंतरापेक्षा मला भरून काढण्याजोगे वाटते. त्याला डॉलर लागत नाहीत. पण दोन्ही कायदे पुढच्यांसाठी झाले. ज्यांच्या हालांवरून धडा घेतला, त्यांना त्या धड्याचा लाभ मिळाला नाही. नॉरिसचे कूळ आणि कोयनेचा वाटेकरी यांच्यात पन्नास पटींचे काय, एका पटीचेही अंतर उरले नाही.

म्हणून येत्या फेब्रुवारीत कुणी माणशी खर्चाचा आकडा तुमच्यापुढे टाकला, तर तो जरूर ऐका. देश गरीब आहे की श्रीमंत, ते त्यावरून थोडेफार कळेल. फक्त तो आकडा कसा काढला हे ध्यानात असू द्या. एकूण खर्चाला देशातल्या सगळ्या डोक्यांनी भागायचे, की दरडोई रक्कम निघते. कोयनानगरला पिशवी घेऊन बसलेला तो म्हाताराही त्या भागाकारात एक डोके म्हणून धरलेला आहे. कागदोपत्री त्या साली त्याच्या वाट्याला साडेतेहतीस हजार रुपये आले, आणि त्यांतले सात-आठ हजार, इतरांसारखेच, जुन्या कर्जांच्या व्याजाला गेले.